ओव्हनचं सोवळं

धीर नावाची वस्तू देवानं मला दिलीच नाही. दूध उतू जायच्या आधी मी उतू जाते, असं आमचे हे म्हणायचे. त्यामुळे गुलमंडीवरच्या दुकानातून नवा कोरा इलेक्ट्रिक ओव्हन मी रिक्षात घालून उस्मानपुऱ्यात आणला, त्या दिवशी माझी अवस्था काय होती ते विचारू नका. खोकं मांडीवर, दोन्ही हात त्याच्याभोवती. खड्डा आला की मी रिक्षावाल्याला म्हणायची, "अहो, हळू." आणि खड्डा संपला की, "जरा लवकर चला की." शेवटी तो वैतागून म्हणाला, "बाई, एक काय ते ठरवा."

आमच्या गल्लीत तोवर मिक्सर घरोघरी झाले होते, दोन-तीन घरी फ्रिज होते. ओव्हन मात्र पहिला माझा. पुढं काचेचं दार, आत वर-खाली दोन कॉइल, बाजूला तीन बटणं. शाळेतल्या पगारातून साठवून साठवून घेतलेला. पण तो मी स्वतःसाठी घेतला नव्हता, हे आधी सांगायला हवं. तो घेतला होता सासूबाईंसाठी, आणि तोही एका नानकटाईसाठी.

आमच्या कोपऱ्यावर एक बेकरी होती. दिवाळीच्या आधी आठवडाभर गल्लीतल्या बायका घरचं तूप, पिठीसाखर आणि मैदा डब्यांत घालून तिथं जायच्या. बेकरीवाले चाचा पीठ मळून द्यायचे, आम्ही तिथंच ओळीनं बसून गोळे थापायचो, पत्र्यावर मांडायचो, आणि चाचा लांब दांड्यानं तो पत्रा भट्टीत सरकवायचे. कुणाचा पत्रा कुठला यावरून दरवर्षी भांडण व्हायचं आणि त्यात मी असायचीच. संध्याकाळी गरम डबा घेऊन घरी आलं की सगळे तुटून पडायचे. सासूबाई सोडून.

सासूबाईंचं सोवळं कडक. आंघोळ करून रात्री वाळत टाकलेलं लुगडं काठीनं उतरवून नेसायचं, आणि त्याला कुणाचा हात लागला अशी नुसती शंका आली तरी ते पाण्यातून काढून तसंच ओलेतं नेसून स्वयंपाकाला उभं राहायचं. स्वयंपाकघरात चप्पल नाही, बाहेरचा माणूस नाही. शहाबादी फरशी दिवसातून दोनदा पाण्यानं पुसलेली. बाहेरचं त्या खात नसत. बेकरीचं तर नावच नको. तिथं अंडी असतात, कुणाकुणाचे हात लागतात. पोलीस ॲक्शननंतर चार-पाच वर्षांनी सासऱ्यांनी हे घर बांधलं, तेव्हापासून ती बेकरी कोपऱ्यावर होती. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं दुपारी चार वाजता भट्टीतून पत्रे निघायचे आणि तो तुपाचा, वेलदोड्याचा वास आमच्या माजघरात यायचा. त्या वेळी सासूबाई हातातली वात वळायची थांबवायच्या. मी पाहिलं होतं ते. कुणाला सांगितलं नव्हतं.

मग एका दिवाळीला, मी डबा उघडत असताना, त्या हळूच म्हणाल्या, "तोंडात टाकली की विरघळते म्हणतात. खरं का गं?"

मी म्हटलं, "आई, खाऊन बघा की एक."

"नको गं बाई. घरी भाजता आली असती तर खाल्ली असती एखादी."

सत्तरी ओलांडलेली बाई. मी गॅसवर पातेल्यात वाळू घालून नानकटाई भाजून पाहिली. खालून कोळसा, वरून कच्चं पीठ. दुसऱ्यांदा केली, तशीच. मग मनात घेतलं, ओव्हन आणायचा. आणि मी एकदा मनात घेतलं की ते झालंच म्हणून समजा.

तर ओव्हन ओट्यावर बसला. चैत्र लागलेला, शाळेच्या परीक्षा संपलेल्या, मी मोकळी. आणि तिथंच पहिली माशी शिंकली. ओव्हनच्या प्लगला तीन जाड पिना होत्या आणि आमच्या ओट्यावर मिक्सरचं चिमुकलं सॉकेट. पिन काही केल्या आत जाईना.

"आण इकडं," हे म्हणाले. हे चितेगावच्या एका कारखान्यात नोकरीला होते. कारखान्यात जातो म्हणजे आपल्याला विजेतलं सगळं कळतं अशी ह्यांची ठाम समजूत. प्रत्यक्षात हे तिथं स्टोअरमध्ये होते. ह्यांनी प्लग काढून टाकला, तारांची टोकं सोलली, दोन तारा सॉकेटच्या दोन भोकांत घातल्या आणि त्या निसटू नयेत म्हणून दोन आगकाड्या खोचल्या. तिसरी हिरवी तार उरली. ती दुमडून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली.

"ही का सोडली?" मी विचारलं.

"ही जास्तीची आहे."

"कंपनीवाले जास्तीची तार कशाला देतील? ते काय आपले मामा लागतात?"

"तू बटण दाब गं."

दाबलं. आतली कॉइल आधी काळीच राहिली, मग तांबूस झाली, मग लालबुंद. मी अक्षरशः टाळ्या पिटल्या! काचेतून बघत बसले, उठवेना. दार किती तापलंय ते बघावं म्हणून कडेच्या पत्र्याला बोट लावलं आणि हाताला मुंग्या आल्या. कोपरापर्यंत झिणझिण.

"अहो, करंट येतोय."

ह्यांनी हात लावला. "काही नाही. तुला वाटतंय."

मी खाली पाहिलं. सासूबाई न्हाणीत होत्या, ती संधी साधून हे रबरी चपला घालून स्वयंपाकघरात उभे होते. मी म्हटलं, "चपला काढा आणि मग लावा हात." ह्यांनी काढल्या, बोट टेकवलं आणि "आई गं!" म्हणून वीतभर उडाले.

आणि नेमक्या त्याच क्षणी खरोखरच आई आल्या. ओलेतं लुगडं, हातावरून पाणी निथळतंय, पाय अनवाणी, खाली नुकतीच पुसलेली फरशी. चेहरा इतका खुललेला की मी तो तसा कधी पाहिला नव्हता. "लागला का गं? बघू तरी," म्हणत त्यांनी हात पुढं केला.

"हात लावू नका!" मी अशी किंचाळले की शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. एका हातानं सॉकेटचं बटण बंद केलं आणि ह्यांच्यावर ओरडले, "मेन बंद करा, मेन!" हे पळाले.

सासूबाईंचा हात तसाच अधांतरी राहिला. मग तो खाली आला. "माझा हात लागून काय होणाराय तुझ्या ओव्हनला?" एवढंच म्हणून त्या देवघरात जाऊन बसल्या. चाळीस वर्षं "शिवू नका, शिवू नका" म्हणणाऱ्या बाईला आज सुनेनं शिवू नका म्हटलं होतं. मी मागं गेले, समजावलं, करंट होता म्हणून सांगितलं. पण त्यांना ते पटेना. "असू दे. तुझी वस्तू," म्हणाल्या. मला रडू यायला लागलं आणि मला रडू आलं की राग येतो. मी बाहेर येऊन त्या दोन्ही आगकाड्या ह्यांच्यासमोर कडाकड मोडल्या.

उस्मानपुऱ्याच्या चौकात एका दुकानाच्या पायरीवर एक म्हातारे वायरमन बसत. सगळा भाग त्यांना मिस्त्री म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना घेऊन आले, म्हणजे जवळजवळ ओढूनच आणलं. मिस्त्रींनी ओव्हनला हातसुद्धा लावला नाही. नुसतं वाकून मागची पट्टी वाचली.

"दो हजार वॉट. भाभी, हे मिक्सरच्या सॉकेटवर चालणारं जनावर नाय. इसकू अलग लाइन लगती."

मग ते मीटरकडं गेले. मेन बंद केलं आणि चिनी मातीचा फ्यूज उपसून त्यातली तार बोटात धरली. मागं एकदा फ्यूज सारखा उडतो म्हणून ह्यांनी तिथं जाड तार घातली होती.

"साब, हा फ्यूज हाय का सायकलचा स्पोक? आग लागली तरी ये उडनेवाला नय."

हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

मिस्त्रींनी फ्यूज स्वतःच्या खिशात टाकला. "काम खतम होईपर्यंत हा माझ्याकडं. कुणी चुकून बी चालू करायचं नाय." मग त्यांनी विचारलं, "आर्थिंग किधर है?" आर्थिंग म्हणजे काय हे आम्हाला कुणालाच नीट माहीत नव्हतं. मिस्त्री मीटरपासून निघालेल्या एका उघड्या तांब्याच्या तारेमागं भिंतीभिंतीनं चालू लागले, त्यांच्यामागं मी, माझ्यामागं हे. तार माजघरातून न्हाणीघरात गेली आणि नळाच्या लोखंडी तोटीला चार वेढे देऊन संपली. मिस्त्री उकिडवे बसले, तोटीच्या मागं हात घालून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"ये पाइप किसने बदली?"

बदलली होती ह्यांनीच. तीन वर्षांपूर्वी जुना लोखंडी पाइप गंजला म्हणून अख्खा प्लास्टिकचा टाकून घेतला होता. गंजत नाही, स्वस्तात पडला, म्हणून पेढे वाटायचेच काय ते आम्ही बाकी ठेवले होते.

"नळाला आर्थिंग बांधणं हेच मुळात गलत. एकाच्या घरचा करंट शेजाऱ्याच्या नळात जातो. पण पाइप लोखंडी होता तोवर निदान जमिनीत तरी उतरत होता. आता तार नळाला, नळ प्लास्टिकला. तीन साल से तुमच्या घराला आर्थिंगच नाय. ती हिरवी तार जोडली असती तरी काय बी उपयोग नव्हता."

सासूबाई माजघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. अबोला चालू असला तरी कान उघडे होते. मिस्त्री त्यांच्याकडं वळले.

"अम्मा, बिजली बी पाण्यासारखी. उतार मिळाला की तिकडं पळती. तिला जमिनीत जायला तारेचा रस्ता दिला तर ती तिथून जाती. नाय दिला, और कोई गीले पाँव से खडा है, गीला कपडा, गीला हात, तर मग ती त्याच्यातूनच जाती."

सासूबाईंनी स्वतःच्या लुगड्याकडं पाहिलं. मग पायांकडं. मग माझ्याकडं.

"म्हणून ओरडलीस होय," त्या म्हणाल्या.

मी नुसती मान हलवली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पूजा व्हायची होती, मी पारोशी होते, तरी ठेवला. त्या दिवशी पुन्हा आंघोळ केली असेल त्यांनी, पण माझ्या डोक्यावरचा तो हात मला आजही आठवतो.

मग जे काम सुरू झालं त्याला तोड नाही. मी तर दोन दिवस जागची हलले नाही. अंगणात तुळशीपासून चार हातांवर खड्डा खणला. त्यात लोखंडी पाइप उभा केला आणि भोवती थर घातले, एक कोळशाचा, एक मिठाचा, पुन्हा कोळशाचा.

"मीठ? घराची दृष्ट काढतोय का हा?" सासूबाईंनी मला विचारलं. दोन दिवसांत पहिल्यांदा त्या हसल्या.

"वैसाच समझो अम्मा," मिस्त्री म्हणाले. "पण रोज बादलीभर पाणी पायजे ह्याला. आपली जमीन उन्हाळ्यात सुकती. सुकी जमीन करंट घेत नाय."

रोज बादलीभर! नळाला एक दिवसाआड पाणी, तेही तासभर. मी चिंतेत पडले. सासूबाईंनी मात्र क्षणात निकाल लावला. "तांदूळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं घाला. तुळशीला चांगलं, ह्याला धुवण. त्याला काय कळतंय?" आणि त्या दिवसापासून तुळशीला पाणी घातलं की चार पावलं पुढं जाऊन खड्ड्यात तपेली रिकामी करायची, हा त्यांचा नेम झाला.

दुसऱ्या दिवशी मीटरपासून ओट्यापर्यंत नवी जाड तांब्याची लाइन ओढायची होती. हे विजेच्या कार्यालयात जाऊन वाढीव लोडचा अर्ज देऊन आले, आगकाड्यांचं प्रायश्चित्त म्हणून. लाइन माजघरापर्यंत आली आणि मिस्त्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. पण चाळीस वर्षं ह्या शहरातल्या घराघरांत काम केलेला माणूस, त्यांना उंबरे कळत होते.

"अम्मा, अंदर आना पडेगा."

ह्या स्वयंपाकघरात बाहेरचं कुणी कधी आलं नव्हतं. गॅसची टाकी देणारासुद्धा ती उंबऱ्याबाहेर ठेवून जाई. सासूबाईंनी देवघराकडं एकदा पाहिलं.

"ये की," त्या म्हणाल्या. "भिंत काय बाहेर येणाराय?"

मिस्त्री आत आले. चप्पल बाहेर काढून, पाय धुऊन आले. दुपारपर्यंत भिंतीवर मोठं तीन पिनांचं सॉकेट बसलं, हिरवी तार जिथं जायची तिथं गेली. ते बाहेर पडल्या पडल्या सासूबाईंनी सवयीनं फरशी धुवायला बादली उचलली. मिस्त्री दारातून म्हणाले, "अम्मा, आज पाणी नक्को. भिंतीचं सिमेंट ओलं है, आणि अजून टेस्ट व्हायचीय." सासूबाई बादली धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी ती होती तिथं परत ठेवली. मी काही पाहिलं नाही असं दाखवून डबे पुसत राहिले.

एक भांडण मात्र झालंच. मिस्त्रींचं म्हणणं, ओव्हनपाशी रबरी चपला घालूनच उभं राहायचं. "स्वयंपाकघरात वहाणा? मी मेल्यावर घाला," सासूबाई कडाडल्या. बरीच घासाघीस होऊन तोड निघाली. लाकडी पाटावर उभं राहायचं. "पाट चलेगा, लेकिन सुका. और हात सुके. और ते ओलं लुगडं तर बिलकुल नय." ओलेतं नाही तर मग सोवळं कसं? सासूबाई आत गेल्या, ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा अंगावर त्यांची जुनी पैठणी होती. रेशीम वाळलेलं असलं तरी सोवळंच. पदराची जर काळवंडलेली, दोन ठिकाणी विरलेली. मी पैठणची, मला हे का सुचू नये?

मिस्त्रींनी खिशातून फ्यूज काढला, त्यात बेताची तार घातली. एक बल्ब घेऊन त्याची एक तार विजेला आणि दुसरी खड्ड्यातून आलेल्या तारेला लावली. बल्ब लख्ख पेटला. "देखो, जमीन ने पकड लिया." शेवटी मीटरपाशी एक छोटी पेटी बसवली. कुठं जराशी वीज गळाली की ही पेटी डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं बंद करते, असं सांगून त्यांनी तिच्यावरचं एक बारीक बटण दाखवलं. "हे दाबून महिन्यातून एकदा बघायचं, पेटी जागी है का सोयी है. अम्मा, तुम दबाओ."

सासूबाईंनी बोट कोरडं आहे ना ते पदराला दोनदा पुसून पाहिलं. बटण दाबलं. खट्ट! पंखे थांबले, दिवे गेले, अख्खं घर गप्प. सासूबाई आधी दचकल्या आणि मग अशा हसल्या, अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "पुन्हा दाबू?" त्यांनी विचारलं. तीन वेळा दाबलं. पुढं दर संकष्टीला त्या पेटीचं बटण दाबत, कधी चुकलं नाही.

ओव्हन आधी पाव तास रिकामा चालवला, नव्या कॉइलचा वास जावा म्हणून. मी ह्या दारापासून त्या दारापर्यंत येरझाऱ्या घालत होते. हे दर मिनिटाला पत्र्याला उलटं बोट लावून बघत होते आणि मी दर मिनिटाला ह्यांचा हात झटकत होते. मुंग्या नाहीत. काही नाही. मग सासूबाईंनी स्वतः तूप फेसलं, स्वतः गोळे थापले, वर चारोळीचा एकेक दाणा दाबला. पाटावर उभं राहून ट्रे आत सरकवला आणि काचेसमोरून हलल्या नाहीत. गोळे पसरले, फुगले, कडेनं बदामी झाले, आणि तो वास, चाळीस वर्षं कोपऱ्यावरून येणारा तो वास, ह्या वेळी आमच्या ओट्यावरून निघून गल्लीत गेला.

आधी देवाला. मग एक कागदात बांधून मिस्त्रींना. मग सासूबाईंनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत उभी.

"विरघळली गं," त्या म्हणाल्या.

मी लहान मुलीसारखी उडी मारली. खरंच मारली. त्यांनी दुसरा तुकडा खाल्ला, तिसरा खाल्ला. मग बोटांना लागलेलं तूप बघत त्यांनी विचारलं, "बेकरीतली पण अशीच लागते?"

आता इथं खोटं बोलायला हवं होतं. दोन दिवस घर उकरलं होतं, अंगणात खड्डा होता, पैठणीला पीठ लागलं होतं. पण त्या माझ्याकडं इतक्या सरळ बघत होत्या की माझ्या तोंडून खरंच निघालं. "नाही आई. भट्टीतली ह्याहून चांगली असते. जरा धुराचा वास असतो तिला."

सासूबाईंनी थोडा विचार केला.

"मग तिकडची आण पावशेर," त्या म्हणाल्या.

"अहो आई! आणि तुमचं सोवळं?" मी पुन्हा किंचाळले. एवढा खटाटोप कशासाठी केला मी?

त्यांनी ट्रेमधली अजून एक नानकटाई उचलली. "सोवळं ओव्हनला लागतं, कोरडे हात, कोरडा पाट," त्या म्हणाल्या. "माझं झालं आता. जा, लवकर जा, चारला पत्रा निघतो."